सिलिकॉनचा कॅटॅलिस्ट तपासताना आधी बघा, तो थांबतो कसा

प्रश्न असा आला आहे: ‘एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. डी४ (सिलिकॉनचा कच्चा माल) विकत घेऊन १०० ते १,००० सेंटिस्टोकचं (सेंटिस्टोक म्हणजे व्हिस्कॉसिटीचं, घट्टपणाचं एकक) सिलिकॉन फ्लुइड बनवतो. कॅटॅलिस्ट (क्रिया घडवून आणणारा पदार्थ) म्हणून कॉस्टिक पोटॅश (पोटॅशियम हायड्रॉक्साइड, एक अल्कली) वापरतो. त्याहून चांगला कॅटॅलिस्ट स्वतः विकसित करायचा आहे आणि पुढे प्लॅटिनमवर क्युअर होणारं, म्हणजे प्लॅटिनमच्या मदतीने घट्ट होणारं, रबरही करायचं आहे. चाचण्या कशा आखाव्यात, नेमकं काय मोजावं आणि प्रयोगशाळेत किमान काय लागेल?’

प्रश्न चांगला आहे, पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते. ‘चांगला’ म्हणजे ‘जलद’ असा अर्थ बहुतेक जण धरतात. सिलिकॉनमध्ये वेग मिळवणं फारसं अवघड नसतं. सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचा जो बंध उघडून आपण साखळी वाढवतो, तोच बंध पुन्हा उघडून ती साखळी मोडूही शकते, आणि कॅटॅलिस्ट दोन्ही कामं सारख्याच तत्परतेने करतो. बॅच संपली, ड्रम भरले, माल गेला, तरी आत कॅटॅलिस्ट जिवंत असेल तर त्याचं काम चालूच राहतं. म्हणून मी कुठलाही नवा उमेदवार आला की पहिल्यांदा विचारतो, हा बंद कसा होतो आणि मागे काय ठेवतो. वेगाचा आलेख त्यानंतर बघतो.

आधी समतोल समजून घ्या, कारण तो न समजता केलेली चाचणी वाया जाते. डी४ म्हणजे चार सिलॉक्सेन घटकांचं कडं. त्यात जवळजवळ ताण नसतो, त्यामुळे ते उघडताना उष्णता फारशी बाहेर पडत नाही. क्रिया पुढे जाते ती मुख्यतः लांब, लवचिक साखळीला मिळणाऱ्या मोकळेपणामुळे. परिणाम असा की विद्रावक नसलेल्या डायमिथाइल सिस्टीममध्ये गाडी साधारण ८२ ते ८७ टक्के पॉलिमरवर थांबते. उरलेले १३ ते १८ टक्के डी४, डी५, डी६ असे कड्यांचे रेणू असतात. हा आकडा कॅटॅलिस्टवर अवलंबून नाही. पोटॅश वापरा, आम्ल वापरा, फॉस्फाझीन हा महागडा सेंद्रिय अल्कली वापरा, शेवट तिथेच. त्यामुळे ‘या कॅटॅलिस्टने उतारा ९५ टक्के दिला’ असा अहवाल समोर आला तर कॅटॅलिस्टचं कौतुक करण्याआधी मोजणी तपासा. बहुधा उघड्या भांड्यातून कडी उडून गेलेली असतात. डी३ची गोष्ट वेगळी. त्याच्या कड्यात ताण आहे, त्यामुळे लिथियम सिलॅनोलेट (सिलॅनोलचं अल्कली मीठ) आणि टीएचएफ हे विद्रावक वापरून, वेळेवर थांबवून, कडी जवळजवळ न होऊ देता नेमक्या लांबीचा पॉलिमर करता येतो. पण डी३ महाग आणि घन असतं. तुमच्या मालाला त्याची गरज नाही.

आता व्हिस्कॉसिटी. डी४ आणि एंड-ब्लॉकर (साखळीची टोकं बंद करून तिची लांबी ठरवणारा पदार्थ) म्हणून हेक्झामिथाइलडायसिलॉक्सेन, ज्याला आपण सगळे एमएम म्हणतो, ते भांड्यात घेऊन पोटॅश घातलं की व्हिस्कॉसिटी चढते, लक्ष्याच्या पुष्कळ वर जाते आणि मग हळूहळू खाली उतरून स्थिरावते. कारण अल्कलीत डी४ लवकर उघडतं आणि एमएम मात्र सगळ्यांत आळशी असतं. साखळ्या आधी भरमसाट वाढतात, एमएम नंतर येऊन त्यांचे तुकडे पाडतं. आम्लात क्रम उलटा आहे. तिथे एमएम डी४च्या आधी क्रियेत उतरतं, म्हणून हा उंचवटा जवळजवळ दिसत नाही. याचा व्यवहारातला अर्थ असा: अल्कलीच्या बॅचमध्ये लक्ष्य व्हिस्कॉसिटी दोनदा भेटते, एकदा चढताना आणि एकदा शेवटी. चढताना न्यूट्रलाइझ केलेल्या (कॅटॅलिस्ट मारलेल्या) मालात लांब साखळ्या, न वापरलेलं डी४ आणि तसंच राहिलेलं एमएम यांची खिचडी असते. त्या दिवशी क्युसी (दर्जा तपासणी) पास होतो, स्ट्रिपिंग (उडणारे हलके रेणू काढून टाकणं) केलं की व्हिस्कॉसिटी भलतीकडे जाते.

म्हणून नव्या कॅटॅलिस्टची पहिली चाचणी म्हणजे पूर्ण आलेख. दर पंधरा-वीस मिनिटांनी छोटा नमुना काढायचा, त्यात लगेच आम्ल घालून क्रिया थांबवायची, व्हिस्कॉसिटी घ्यायची आणि गॅस क्रोमॅटोग्राफवर डी४ आणि एमएम किती उरलं ते बघायचं. दोन्ही सपाट झाल्याशिवाय समतोल आला असं मानू नका. आणि १५० अंशांवर काम करत असाल तर हे लक्षात ठेवा की एमएम १०० अंशांच्या आसपास उकळतं. ते बराच वेळ कंडेन्सरमध्ये असतं, भांड्यात कमी. त्या तापमानाला डेकामिथाइलटेट्रासिलॉक्सेन किंवा आधीच बनवलेलं पातळ, दोन्ही टोकं बंद असलेलं फ्लुइड एंड-ब्लॉकर म्हणून घेतलं तर आलेख पुष्कळ स्वच्छ येतो.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण कॅटॅलिस्टच्या नावावर खपणारे निम्मे दोष पाण्याचे असतात. बॅरीच्या समीकरणाने २५ अंशांवरच्या व्हिस्कॉसिटीचा लॉगॅरिदम म्हणजे १ अधिक ०.०१२३ गुणिले रेणुभाराचं वर्गमूळ. त्यावरून १,००० सेंटिस्टोकसाठी रेणुभार येतो सुमारे २६,४००. म्हणजे एक किलो पॉलिमरला एमएम लागतं फक्त ६ ग्रॅमच्या जरा वर, मोलमध्ये ०.०३८. आता डी४मध्ये १०० पीपीएम (दहा लाखांत १०० भाग) पाणी असेल तर किलोमागे ०.१ ग्रॅम, म्हणजे ०.००५६ मोल. पाण्याचा एक रेणू साखळीला दोन सिलॅनोल (सिलिकॉनला ओएच गट जोडलेली) टोकं देतो, तेच काम एमएमचा एक रेणू करतो. म्हणजे तुम्ही मोजून घातलेल्या एंड-ब्लॉकरच्या साधारण सातव्या हिश्श्याइतका दुसरा एंड-ब्लॉकर न सांगता आत शिरला. वर त्या सिलॅनोल टोकांमुळे माल साठवणीत हलत राहतो. एका बॅचला कोरडं डी४ आणि दुसऱ्या बॅचला ओलं डी४ देऊन दोन कॅटॅलिस्टांची तुलना केली, तर तुलना डी४च्या ड्रमांची झाली. कॅटॅलिस्ट घालण्याआधी १०० ते ११० अंशांवर नायट्रोजन सोडून डी४ वाळवा आणि प्रत्येक बॅचचं पाणी कार्ल फिशरवर (पाण्याचा अंश मोजणाऱ्या टायट्रेशनवर) मोजून लिहून ठेवा. सिलॅनोल असलेल्या नमुन्यात कार्ल फिशरचं मिथेनॉल सिलॅनोलशी क्रिया करून जास्तीचं पाणी दाखवतं, हे विसरू नका. शुद्ध डी४ला ही अडचण नाही.

आता उमेदवारांकडे वळू. सध्या तुम्ही पोटॅशच्या फ्लेक्स थेट टाकत असाल तर नव्या कॅटॅलिस्टच्या आधी तेच सुधारा. घन पोटॅश डी४मध्ये विरघळत नाही, तळाशी फिरत राहतं आणि प्रत्येक बॅचला वेगळा वेळ घेतं. थोड्या डी४मध्ये पोटॅश घेऊन, टोल्युइनबरोबर पाणी काढून पोटॅशियम सिलॅनोलेट तयार करा. ते द्रव रूपात मोजून घालता येतं. त्याची ताकद आयसोप्रोपेनॉल-टोल्युइनमध्ये आम्लाच्या टायट्रेशनने काढा आणि बाटली उघडी ठेवू नका. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याचं कार्बोनेट करतो. मग टायट्रेशनमध्ये अल्कली दिसते, पण भांड्यात ती काम करत नाही.

मात्रा वाढवून वेग मिळवायचा मोह आवरा. जनरल इलेक्ट्रिकमधल्या ग्रब आणि ऑस्टहॉफ यांनी १९५५ मध्ये दाखवलं की पोटॅशच्या बाबतीत डी४च्या पॉलिमरायझेशनचा वेग कॅटॅलिस्टच्या मात्रेच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतो. सिलॅनोलेटचे आयन एकमेकांना धरून बसतात, सुट्टा होतो तोच काम करतो. म्हणजे मात्रा दुप्पट केली तर वेग १.४ पट, आणि शेवटी काढायचं मीठ मात्र पूर्ण दुप्पट. हा व्यवहार तोट्याचा आहे. त्यापेक्षा धन आयन बदलणं शहाणपणाचं. लिथियम सगळ्यांत मंद, मग सोडियम, मग पोटॅशियम, आणि सिझियम सगळ्यांत जलद. टेट्रामिथाइलअमोनियम आणि टेट्राब्युटाइलफॉस्फोनियम हे दोन सेंद्रिय आयन सिझियमच्या पंगतीत बसतात.

या यादीत माझा कौल टेट्रामिथाइलअमोनियम सिलॅनोलेटला आहे. कारण वेग नव्हे, मरण. तो ८० ते १२० अंशांत उत्तम काम करतो आणि १५० अंशांच्या आसपास नेला की स्वतःच मोडतो. मिथाइल गट टोकाला जातो किंवा मिथेनॉल होऊन निघतो आणि ट्रायमिथाइलअमाइन वायू उडून जातो. न्यूट्रलायझेशन नाही, मिठाची गाळणी नाही. जनरल इलेक्ट्रिकच्याच गिल्बर्ट आणि कॅन्टर यांनी १९५९ मध्ये अशा क्षणजीवी कॅटॅलिस्टांवर लिहिलं, आणि आजही ही कल्पना तितकीच उपयोगी आहे. त्याची तपासणीही साधी आहे. १५० ते १६० अंशांवर नायट्रोजन सोडत ठेवा आणि बाहेर येणारा वायू ओल्या पीएच पट्टीवर घ्या. पट्टी निळी होतेय तोवर कॅटॅलिस्ट मरतोय. नवी पट्टी निळी व्हायची थांबली की त्यानंतर आणखी अर्धा तास तापमान टिकवा आणि मगच थंड करा. मासळीसारखा वास मालात उरला असेल तर काम अपुरं आहे. मात्र एक इशारा गांभीर्याने घ्या: टेट्रामिथाइलअमोनियम हायड्रॉक्साइडचं २५ टक्क्यांचं द्रावण अंगावर सांडून माणसं दगावली आहेत. ते कातडीतून आत जाऊन श्वासाच्या स्नायूंवर परिणाम करतं. ते हाताळणाऱ्या माणसाला हे आधी सांगा. पूर्ण अंग झाकणारी साधनं आणि हाताशी शॉवर नसेल तर हा कॅटॅलिस्ट तुमच्या युनिटसाठी नाही.

फॉस्फाझीन बेस काही पीपीएममध्ये मिनिटांत समतोल गाठतात. त्यांचा वेग बघून पहिल्यांदा डोळे दिपतात. पण कार्बन डायऑक्साइड त्यांना लगेच गप्प करतो, त्यामुळे नायट्रोजनची शिस्त नसलेल्या ठिकाणी एक बॅच पळते आणि दुसरी हलत नाही. किंमतही आहेच. १०० ते १,००० सेंटिस्टोकच्या साध्या फ्लुइडला ही चैन परवडणार नाही असं माझं मत आहे.

आम्लांपैकी सल्फ्युरिक, ट्रायफ्लिक आणि आम्लाने सक्रिय केलेली बेंटोनाइट माती ही वापरातली नावं. माती गाळून काढता येते हा तिचा मोठा गुण. तुम्हाला पुढे प्लॅटिनमचं रबर करायचं आहे म्हणजे एसआय-एच (सिलिकॉन-हायड्रोजन बंध) असलेला क्रॉसलिंकर (साखळ्या एकमेकींना जोडणारा पदार्थ) लागेल, आणि तो आम्लावरच करावा लागतो. एसआय-एचच्या बॅचमध्ये अल्कली कधीही जाता कामा नये. हायड्रोजन सुटतो, आणि भराभर सुटतो. मे २०१९ मध्ये अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या वॉकिगन इथे एका सिलिकॉन कारखान्यात एसआय-एचच्या मालात न जुळणारा पदार्थ पडला, हायड्रोजन इमारतीत साठला आणि स्फोटात चार कामगार गेले. तिथे वेगवेगळ्या पदार्थांचे ड्रम दिसायला सारखे होते. तुमच्याकडे पोटॅश आणि मिथाइलहायड्रोजन फ्लुइड (एसआय-एच असलेलं) एकाच छपराखाली येणार असतील तर त्यांचे ड्रम, पंप, नळ्या, सगळं वेगळ्या रंगाचं आणि वेगळ्या खोलीत ठेवा. कॅटॅलिस्टच्या कुठल्याही चाचणीआधी हे करा.

आता थांबवण्याबद्दल. पोटॅशियम सिलॅनोलेटला फॉस्फोरिक आम्ल किंवा सिलिल फॉस्फेट, ॲसेटिक आम्ल, कार्बन डायऑक्साइड, ट्रायमिथाइलक्लोरोसिलेन असं काहीही घालून मारता येतं. पण मेला की नाही हे लिटमसवर ठरत नाही. मी दोन चाचण्या करायला सांगतो. पहिली ओव्हनची. स्ट्रिप केलेलं दोन ग्रॅम फ्लुइड ॲल्युमिनियमच्या उथळ बशीत १५० अंशांवर ठेवा आणि एक, दोन, चार, आठ, चोवीस तासांनी वजन घ्या. चांगल्या मालात उरलीसुरली कडी आधी उडतात आणि मग वजन सपाट होतं. कॅटॅलिस्ट जिवंत असेल तर वजन सपाट होतच नाही. एका रेषेत उतरत राहतं, कारण साखळीचं टोक मागे वळून स्वतःलाच चावतं, नवं डी४ सुटतं, उडतं, आणि पुन्हा तेच. फक्त चोवीस तासांचा शेवटचा आकडा बघणाऱ्याला हा फरक कळत नाही. आलेखाचा आकार बघायला हवा.

दुसरी चाचणी त्याहून तीक्ष्ण आहे. तेच फ्लुइड काचेच्या सीलबंद कुपीत १५० अंशांवर दोन-तीन दिवस ठेवा. आधी आणि नंतर डी४ आणि व्हिस्कॉसिटी मोजा. बंद कुपीत काही उडत नाही. डी४ वाढलं असेल तर ते आत तयार झालंय, म्हणजे कॅटॅलिस्टचा अंश शिल्लक आहे. युरोपला माल जात असेल तर ही चाचणी धंद्याच्याही कामाची आहे. तिथे ३१ जानेवारी २०२० पासून धुऊन काढायच्या सौंदर्यप्रसाधनांत डी४ आणि डी५ प्रत्येकी ०.१ टक्क्याच्या आत ठेवावं लागतं. कारखान्यातून ०.०५ टक्क्यावर निघालेलं फ्लुइड गोदामातच ०.१च्या वर गेलं तर स्ट्रिपरला दोष देऊन काय उपयोग?

आम्ल जास्त झालं तरी तेच. कडक आम्लाचा जादा अंश हा स्वतःच कॅटॅलिस्ट असतो. म्हणून न्यूट्रलायझेशननंतर ॲसिड व्हॅल्यू दोन्ही बाजूंनी तपासा. आणि प्रयोगशाळेतून रिअॅक्टरवर जाताना खरी अडचण इथेच येते. पाचशे ग्रॅमच्या फ्लास्कमध्ये आम्लाचा थेंब क्षणात मिसळतो. काही टनांच्या भांड्यात, विशेषतः घट्ट ग्रेडमध्ये, तो तासन्‌तास मिसळत नाही. वरचा नमुना उदासीन आणि तळाचा जिवंत. अशा ग्रेडला आम्ल थेट न घालता पातळ सिलिकॉन फ्लुइडमध्ये विरघळणारं सिलिल फॉस्फेट घाला, आणि नमुना वरून व तळाच्या व्हॉल्व्हमधून असा दोन्हीकडून घ्या.

कंडेन्सेशनवर, खोलीच्या तापमानाला क्युअर होणाऱ्या आरटीव्ही रबराचा तुम्ही उल्लेख केला नाही, म्हणून थोडक्यात. तिथे डायब्युटाइलटिन डायलॉरेटसारखी कथिलाची संयुगं किंवा टायटेनियमची संयुगं वापरतात. युरोपात सामान्य ग्राहकांसाठीच्या मालात डायब्युटाइलटिन कथिलाच्या हिशोबाने ०.१ टक्क्यापुरतं मर्यादित आहे. हवेच्या ओलाव्यावर क्युअर होणाऱ्या मालाच्या चाचण्या २३ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेच्या कपाटातच करा. अंबरनाथच्या जुलैत आणि पुण्याच्या जानेवारीत एकाच सीलंटवर साय धरायचा वेळ इतका बदलतो की कॅटॅलिस्टची तुलना हास्यास्पद होते. ट्यूब ५० अंशांवर चार आठवडे ठेवून मग क्युअर तपासा. ताजी असताना सगळ्याच ट्यूब चांगल्या असतात.

प्लॅटिनमचं जग वेगळं आहे, तरी प्रश्न तोच. स्पायरने १९५७ मध्ये आयसोप्रोपेनॉलमधलं क्लोरोप्लॅटिनिक आम्ल पुढे आणलं. कार्स्टेडच्या १९७३च्या पेटंटमधलं डायव्हायनिलटेट्रामिथाइलडायसिलॉक्सेनचं प्लॅटिनम संयुग आजही उद्योगाचा कणा आहे. ते सिलिकॉनमध्ये पूर्ण विरघळतं, क्लोराइड नसतं आणि पाच-दहा पीपीएममध्ये काम होतं. स्पायरच्या कॅटॅलिस्टला सुरुवातीला काही वेळ लागतो, कारण प्लॅटिनमचं आधी क्षपण व्हावं लागतं. त्या शांततेत कुणी ‘चालू होत नाहीये’ म्हणून आणखी कॅटॅलिस्ट घातला की पुढे क्रिया आवरत नाही. डी४ उघडणं जवळजवळ थंड काम, पण हायड्रोसिलिलेशन, म्हणजे एसआय-एच दुहेरी बंधावर जोडणारी प्लॅटिनमची ही क्रिया, मोलमागे १०० किलोज्यूलपेक्षा बरीच जास्त उष्णता सोडतं. म्हणून इथे कॅटॅलिस्टची चाचणी करताना तापमान सतत नोंदवणारा प्रोब भांड्यात हवाच, आणि एक घटक थेंबाथेंबाने घालायचा.

मॉडेल म्हणून १-ऑक्टीन आणि हेप्टामिथाइलट्रायसिलॉक्सेन घ्या. गॅस क्रोमॅटोग्राफवर नुसतं उत्पादन मोजू नका. २-ऑक्टीन किती झालं तेही बघा, कारण दुहेरी बंध आत सरकवणारा कॅटॅलिस्ट रबरात व्हायनिल (साखळीवरचे दुहेरी बंधाचे गट) वाया घालवत नसला तरी पॉलिइथर किंवा अल्काइल सिलिकॉन करताना तुमचा कच्चा माल खातो. शेजारी नेहमी दोन भांडी ठेवा: एकात तितक्याच पीपीएम प्लॅटिनमचा कार्स्टेड, दुसऱ्यात काहीच कॅटॅलिस्ट नाही. हे दुसरं भांडं मी सगळ्यांत महत्त्वाचं मानतो. प्लॅटिनम काचेला आणि टेफ्लॉनच्या स्टिअर-बारला चिकटून राहतं आणि पुढच्या प्रयोगात कामाला येतं. लोखंड किंवा कोबाल्टवर चालणाऱ्या कॅटॅलिस्टावर खरं आणि उत्तम संशोधन झालं आहे. २०१२ मध्ये प्रिन्स्टनच्या चिरिक यांच्या गटाने लोखंडाची संयुगं उद्योगाशी मिळून मांडली. पण तुमच्या प्रयोगशाळेत ‘प्लॅटिनमशिवाय चाललं’ असं दिसलं तर आधी नवी काच, नवा स्टिअर-बार आणि धातूंचं आयसीपी विश्लेषण.

रबरात मात्र कॅटॅलिस्टला झोपवून ठेवणं ही निम्मी कला आहे. इनहिबिटर (क्रिया रोखून धरणारा पदार्थ) म्हणून इथिनाइलसायक्लोहेक्झेनॉल, मिथाइलब्युटिनॉल, मॅलिएट यांपैकी काही घालतात. हवं असतं ते असं: गोदामात शांत, साच्यात सपाट्याने काम. द्रवरूप सिलिकॉन रबर मिसळल्यावर खोलीच्या तापमानाला सुमारे तीन दिवस टिकतं आणि १७० ते २०० अंशांच्या साच्यात काही सेकंदांत क्युअर होतं. या दरीची रुंदी हाच तुमच्या कॅटॅलिस्ट-इनहिबिटर जोडीचा खरा गुण. त्यासाठी २५ अंशांवर व्हिस्कॉसिटी दुप्पट व्हायला किती वेळ लागतो ते मोजा, आणि हेच ४० अंशांवरही मोजा. डेटाशीटवरचा २५ अंशांचा आकडा मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली काही सांगत नाही. क्युअरचा वेग मूव्हिंग डाय रिओमीटरवर, म्हणजे ९० टक्के टॉर्क यायला लागणाऱ्या वेळावर ठरवा. मिथाइलब्युटिनॉल १०४ अंशांच्या आसपास उकळतं, त्यामुळे ते पातळ थरातून उडून जातं. बंद बाटलीत आठवडा टिकणारं मिश्रण रोलरवर पसरल्यावर काही तासांत ओढायला लागतं. कोटिंगसाठी काम असेल तर पॉट-लाइफ (मिश्रण वापरण्याजोगं राहण्याचा वेळ) उघड्या बशीतही मोजा.

विषबाधेची चाचणी बहुतेक जण टाळतात आणि नंतर ग्राहकाच्या साच्यात ती आपोआप होते. हिशोब बघा. १० पीपीएम प्लॅटिनम म्हणजे किलोमागे १० मिलिग्रॅम, ०.०५१ मिलिमोल. अणूला अणू लावायचा तर त्याला गप्प करायला गंधक लागतं किलोमागे १.६ मिलिग्रॅम. एका लेटेक्स हातमोज्याने मिश्रणाला स्पर्श केला, कथिलाच्या आरटीव्हीला वापरलेला स्पॅट्युला पुसून घेतला, थ्रीडी प्रिंटच्या रेझिनवर ओतलं, तर तेवढा भाग चिकट राहतो. म्हणून नव्या कॅटॅलिस्टला मुद्दाम विष द्या. ज्ञात मात्रेत एखादं अमाइन आणि एखादं गंधकाचं संयुग घालत जा आणि क्युअर कुठे थांबतो ती पातळी लिहा. कार्स्टेडशी तुलना करताना दोन्हींत प्लॅटिनम समान ठेवा.

इथे तुमचे दोन्ही प्रश्न एकमेकांना भेटतात. व्हायनिल टोकांचा पॉलिमर तुम्ही टेट्रामिथाइलअमोनियमवर कराल आणि ट्रायमिथाइलअमाइन पूर्ण काढलं नसेल, तर तोच अंश पुढे प्लॅटिनमला मारतो. पोटॅशियमचा अंश राहिला तर तो एसआय-एचवर हल्ला करून हायड्रोजन सोडतो, आणि रबरात सुईच्या टोकाएवढी बुडबुड्यांची नक्षी येते. अशा वेळी लोक प्लॅटिनमची बाटली बदलत राहतात. पॉलिमरच्या बॅचची सीलबंद कुपीची चाचणी मागवली तर कारण बहुतेक तिथे सापडतं.

प्लॅटिनम मागे काय ठेवतं तेही बघा. क्युअरनंतर ते रबरातच राहतं, परत मिळत नाही, म्हणून मात्रेतला प्रत्येक पीपीएम थेट खर्च आहे. शिवाय ते बारीक कणांत एकत्र आलं की रंग पिवळसर, मग तपकिरी होतो. दहा मिलिमीटर जाडीची पारदर्शक वडी ओता, २०० अंशांवर चार तास पोस्ट-क्युअर करा आणि पांढऱ्या कागदावर कार्स्टेडच्या वडीशेजारी ठेवून बघा. पातळ फिल्ममध्ये हा दोष दिसत नाही. २००२ मध्ये मार्को आणि सहकाऱ्यांनी मांडलेले कार्बीन लिगँडचे प्लॅटिनम कॅटॅलिस्ट असे कण कमी होऊ देतात. रंग ही तुमच्या ग्राहकाची अट असेल तर त्या दिशेने वाचायला सुरुवात करा.

उपकरणांचं सांगतो. फ्लेम डिटेक्टरचा गॅस क्रोमॅटोग्राफ, २५ अंशांचं नेमकं बाथ आणि व्हिस्कॉसिटी मोजायच्या उबेलोहडे नळ्या, कूलोमेट्रिक कार्ल फिशर, चार दशांशांचा तराजू, विश्वासू ओव्हन आणि टायट्रेशनचं सामान एवढ्यावर फ्लुइडच्या सगळ्या चाचण्या होतात. एसआय-एच मोजायला एफटीआयआरवर (इन्फ्रारेड वर्णपटावर) २,१६० प्रति सेंटिमीटरच्या आसपासची पट्टी पुरते. आयसीपी (धातूंसाठी), जीपीसी (रेणुभारासाठी), रिओमीटर सुरुवातीला बाहेरून करून घ्या. पैसे कमी असतील तर पहिल्यांदा क्रोमॅटोग्राफ घ्या आणि व्हिस्कॉसिटीवर भागवू नका.

आणि पहिलं काम नवा कॅटॅलिस्ट नव्हे. सध्याचा पोटॅश सिलॅनोलेटच्या रूपात आणा, कोरड्या डी४वर तीच बॅच तीनदा करा आणि तिन्ही मालांची सीलबंद कुपीची चाचणी घ्या. तिन्ही आलेख एकमेकांवर बसले की टेट्रामिथाइलअमोनियम सिलॅनोलेटची पहिली बॅच ११० अंशांवर लावा. बसले नाहीत तर वाळवण्याच्या टप्प्यातले पाण्याचे आकडे मला पाठवा. त्यावरून पुढचं सांगता येईल.